गेनूचा विसावा

विघ्ने दूर करणाऱ्या गजाननाला, आणि आंदर मावळाच्या डोंगरात ज्याची लहानशी देवळी आहे त्या भैरवनाथाला वंदन करून हे लिहावयास घेतो. निमित्त असे की, भैरवनाथाच्या काठीच्या वाटेवर, शेवटच्या चढाला जो दगडी चौथरा आहे, तो यंदाच्या चैत्रात गावाने नव्याने बांधला. पूजेला मला बोलावले होते. पूजा आटोपल्यावर तरुण मंडळींनी विचारले की, या चौथऱ्याला गेनूचा विसावा का म्हणतात. गेनूला डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता बहुधा मी एकटाच उरलो आहे. म्हणून जे पाहिले तेवढेच लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात मी लोणावळ्याजवळच्या एका लष्करी रुग्णालयात हवालदार होतो. ते युद्धापुरते उभारलेले होते. लांबट बराकी, पत्र्याची छपरे आणि टोकाला ऑपरेशन थिएटर. माझे बालपण तळेगावच्या पाठशाळेत संहिता आणि व्याकरण घोकण्यात गेले होते. रक्तामांसाच्या कामाला मी जातो हे वडिलांना रुचले नव्हते. मात्र आशीर्वाद त्यांनी दिला. पलटणीत मला सगळे शास्त्रीबुवा म्हणत, अगदी साहेबसुद्धा, खुशीत असले की.

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे स्नान-संध्या, मग फॉल इन म्हणजे हजेरी, मग सिक परेड म्हणजे आजाऱ्यांची तपासणी. त्यानंतर थिएटर. हत्यारे उकळायची, कापडाचे बोळे मोजून मांडायचे, साहेबांच्या हातांवर पाणी घालायचे. कोपरापर्यंत हात घासणे हे मला पूजेच्या तयारीसारखे वाटे आणि आजही वाटते.

आमचे सर्जन कॅप्टन देवस्थळी. पुण्याचे. उंच, कमी बोलणारे. आमच्याकडे जखमींपेक्षा अंतर्गळाचे शिपाईच अधिक येत. अंतर्गळ म्हणजे हर्निया. पोटाच्या भिंतीला कुठेतरी विरळ जागा पडते आणि आतडे तिथून कातडीखाली उतरते. जो ओझी उचलतो त्याला ते हमखास गाठते, आणि फौजेत ओझी सगळेच उचलतात.

गेनू जांभूळकर पौष महिन्यात आला. आंदर मावळचा भातकरी, खच्चर कंपनीतला शिपाई. पूर्वेच्या आघाडीवर खच्चरांच्या पाठीवर पेट्या चढवताना त्याची उजवी जांघ उतरली होती. तिकडच्या तळावर एकदा ऑपरेशन झाले. बरा झाला म्हणून पुन्हा पेट्यांवर लावले, आणि शिवण सुटली. पहिल्याच दिवशी त्याने आपला आजार आम्हाला समजावून सांगितला.

"सायेब, बांधाला खांड पडलीया. तिकडच्यांनी बुजवली, पर पानी न्हाई ठरलं."

खांड म्हणजे पाण्याने बांधाला पाडलेले भगदाड. भातखाचराचा बांध ज्याने पाहिला आहे त्याला याहून अधिक सांगावे लागत नाही. साहेब हसले. क्वचितच हसत.

"तिकडच्यांनी काय केले ते सांगतो," साहेब म्हणाले. "खांडेच्या दोन्ही कडा ओढून एकमेकींना बांधल्या. वरचा स्नायू खाली ताणला आणि जांघेतल्या पट्ट्याला टाके घालून जखडला. तुझ्यासारखा माणूस खोकला, वाकला, तर तो ताण टाक्यावर येतो. टाका मांस कापत सुटतो."

"मंग तुमी काय करनार?"

"मी ओढणार नाही. मधल्या जागेत रेशमाच्या दोऱ्याने जाळी विणणार. सैल. या कडेपासून त्या कडेपर्यंत, उभी आडवी. रफू करतात तशी."

गेनूने हवेत बोटांनी उभी आडवी वीण घालून पाहिली. मग म्हणाला, "इरलं इनतात तसं म्हना की."

भातलावणीत डोक्यावर घ्यायचे बांबूच्या कांबींचे इरले तो दर वर्षी स्वतः विणत असे. साहेबांनी इरले कधी हातात घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेनूने वॉर्डातल्या झाडूच्या काड्यांचे बोटभर इरले करून त्यांच्या टेबलावर ठेवले. ते तिथेच राहिले.

ऑपरेशनच्या वेळी कण्यात औषध देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे गेनू जागा होता. पडद्याच्या एका बाजूला त्याचे डोके, दुसऱ्या बाजूला आम्ही. जुन्या शिवणीचा चोथा झाला होता. साहेबांनी तो सोडवला, उतरलेली पिशवी शोधली, रिकामी करून गळ्याशी बांधून कापली. मग वीण सुरू केली. मी आजवर पुष्कळ हात पाहिले, पण त्या दिवशी साहेबांचा हात जसा चालला तसा पुन्हा पाहिला नाही. घाई नाही, ओढ नाही. दोरा नुसता ठेवत गेले.

पडद्याआडून आवाज आला, "शास्त्रीबुवा, मंत्र म्हनताय का झोपलाय?"

"म्हणतोय. मनात."

"मोठ्यानं म्हना. मला बी पुण्य लागू द्या जरा. रानीला लाथा लय मारल्यात म्या."

राणी ही त्याची खच्चर. तिच्या लाथांचे वण त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर होते. लाथा नेमक्या कोणी कोणाला मारल्या हे त्यावरून कळत होते.

पुढचे काही आठवडे निजून राहायचे. बिडी बंद. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. हे सर्व त्याला मी शिकवले. हसण्याचे मात्र अवघड झाले. गेनू बोलू लागला की वॉर्ड हसे. त्याला स्वतःला हसू आले की दोन्ही हातांनी उशी दाबून धरी, डोळ्यांतून पाणी काढी आणि म्हणे, "नका रं, नका. सायबाचं इरलं उसवंल."

टाके काढल्यावर साहेबांनी त्याला समोर उभे केले.

"नीट ऐक. दोरा भिंत धरत नाही. दोरा मांसाला वेळ मिळवून देतो. त्या वेळात मांस जाळीत शिरते, आणि मग धरते ते मांस. तो वेळ म्हणजे विसावा. पावसाळा संपेपर्यंत काही उचलायचे नाही. ही दुसरी वेळ आहे. तिसऱ्या वेळी शिवायला चांगले मांस उरणार नाही."

"पावसाळा सपंस्तवर?"

"हो."

"पर सायेब, चैतात जत्रा हाय."

त्यानंतर काही दिवसांनी गेनूचे वडील, म्हादूआबा, डोंगर उतरून आले. खांद्यावर घोंगडी, हातात आंबेमोहोर तांदळाचे गाठोडे. साहेबांच्या बराकीसमोर वहाणा काढून उभे राहिले. मी आत नेले.

"डाक्टरसायेब, भैरोबाच्या काठीचा मान आमच्या घराचा. माज्या मागं गेनूचा. यंदा आला न्हाई तर काठी कोन धरनार?"

"काठी किती जड असते?"

"जड न्हाई. लांब हाय. शेंड्याला निशान. वाऱ्यानं निशान धरलं की खालचा मानूस गरागरा फिरतो."

"मग तर मुळीच नाही."

आबांनी घोंगडी सावरली. मग म्हणाले, "मी धरतो. त्यो नुसता हात लावंल. हात लावल्याबिगर मान ऱ्हात न्हाई, सायेब."

"शब्द?"

"भैरोबाची आन."

साहेब शेवटी माझ्याकडे वळले.

"हवालदार, तुम्ही याच्याबरोबर जायचे. त्याने पाण्याची कळशी जरी उचलली तरी मला कळले पाहिजे."

"होय, सर."

चैत्रात आम्ही निघालो. गाडीने वडगाव, तिथून पुढे पायी. गेनूच्या अंगावर पिशवीसुद्धा नव्हती. दोघांचे सामान मी घेतले होते आणि त्याची त्याला मोठी लाज वाटत होती. वाटेत जो भेटेल त्याला तो आपणहून सांगे, "शास्त्रीबुवांनी नवस केलाय, गेनूचं वझं उचलीन म्हनून."

आता काठीविषयी सांगणे आवश्यक आहे. उंच, सरळ वाढलेला कळकाचा बांबू. बुंध्याला लाल वस्त्र, शेंड्याला निशाण. मानकरी कमरेच्या कातडी पट्ट्यात बुंधा रोवून ती उभी धरतो आणि चालतो. शेंड्याजवळून सुटलेल्या चार ताण्या, म्हणजे दोर, चार बाजूंनी माणसे धरून तोल राखतात. गावाचा पिढ्यान्पिढ्यांचा नेम असा होता की, एकदा घरासमोर उचललेली काठी देवळात पोचेपर्यंत जमिनीला टेकता कामा नये. टेकली तर देव रुसला असे मानत. हा नेम कुठल्या ग्रंथात नाही. तरी तो पाळताना मी त्या माणसांच्या डोळ्यांत जी निष्ठा पाहिली, तिला हसण्याचा अधिकार मला कधी वाटला नाही.

आबांनी काठी घेतली. वयाने त्यांचे गुडघे वाकले होते, पण पाठ ताठ होती. गेनू शेजारून चालला, उजवा तळवा काठीला टेकवून. फक्त तळवा. मी त्याच्या मागे दोन हातांवर होतो. हे मी शपथेवर सांगू शकतो की, त्याने शब्द पाळला होता. गावातून, ओढ्यातून, खाचरांच्या बांधांवरून, शेवटच्या चढापर्यंत.

चढाला दुपारचा वारा उठला. निशाण फडफडले आणि फुगले. डाव्या अंगाची ताणी एकाच्या घामट हातातून निसटली. काठी उजवीकडे कलली, आणि आबा गुडघ्यावर आले.

"टेकू देऊ नका!" सगळीकडून ओरडा झाला. "टेकू देऊ नका!"

आबांनी काठी सोडली असती तर काहीही झाले नसते. एक कळक उतारावर आडवा पडला असता. पण ते सोडणार नव्हते. बुंधा त्यांच्या पोटात रुतत चालला होता आणि सगळी काठी त्यांच्या अंगावर येत होती. मी पुढे झेपावलो. गेनू माझ्या आधी पोचला. त्याने खांदा काठीखाली घातला आणि दात आवळून ती सरळ केली. ताणी पुन्हा धरली गेली. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर झाला.

मी त्याचा दंड धरला. "सोड. आता सोड."

"सोडलं, सोडलं," तो म्हणाला. "काय न्हाई झालं."

तो स्वतःच्या पायांनी देवळात गेला. पायरीवर डोके टेकवून भिंतीला पाठ लावून बसला. मी तीनदा विचारले, तीनदा त्याने मान हलवली. नैवेद्य झाला, आरती झाली. मानकऱ्याच्या मुलाने आरतीआधी उठू नये, म्हणून तो उठला नाही. दिवस कलल्यावर, शेवटची घंटा वाजल्यावर त्याने मला खुणेने जवळ बोलावले. चेहरा घामाने निथळत होता.

"शास्त्रीबुवा, खांड पडली."

मी हात लावून पाहिले. जांघेत घट्ट, तापलेला गोळा. खोकायला सांगितले, तरी गोळा हलला नाही. आतडे अडकले होते. अडकलेल्या आतड्याचे रक्त थांबते आणि ते मरू लागते. दुपारपासून ते अडकलेले होते.

"आबा, याला आत्ताच्या आत्ता लोणावळ्याला न्यायचे. बांबू आणि घोंगडी द्या. चार माणसे द्या. याला हात कोणी लावू नका."

देवळाजवळच्या गोठ्यामागून बांबू काढून डोली बांधली आणि परत आलो, तेव्हा गेनू जमिनीवर पडलेला होता. पाय पाट्यावर उंच ठेवलेले, डोके खाली. शेजारी त्याची सखूआत्या, तेलाने माखलेले हात पुसत होती. गावातली कितीतरी उतरलेली आतडी तिने तसे चोळून आत घातली होती. लोकांना त्याने बरेही वाटले होते.

"गेलं आत!" ती आनंदाने म्हणाली. "बगा, कसा हसतोय माजा वाघ!"

गेनू खरेच हसत होता. दुखायचे थांबले होते.

"आत्या, आत गेले ते जिवंत आहे की नाही हे कळणार कसे?"

"देवाच्या दारात अभद्र नका बोलू, बुवा. खाऊ द्या त्याला परसाद."

"एक घोट पाणीही नाही. उचला डोली."

आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिले.  डोलीचा पुढला दांडा त्यांनी स्वतः खांद्यावर घेतला. त्या वाटेविषयी मी लिहीत नाही. उजाडताना आम्ही वडगाव स्टेशनात पोचलो, तेव्हा गेनूचे पोट फळीसारखे कडक झाले होते आणि त्याचे हसणे संपले होते.

स्टेशनमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी लोणावळ्याकडे जाणारी मालगाडी थांबवून घेतली आणि टेलिफोन माझ्या हाती दिला.

"सर, हवालदार बोलतो. वडगावहून. गेनू जांभूळकर."

"बोला."

"शिवण सुटली. आतडे अडकले. गावात आत ढकलले गेले."

"केव्हा?"

"अडकले काल दुपारी. ढकलले संध्याकाळी."

पलीकडे साहेबांनी कोणाला तरी हाक मारून हत्यारे उकळायला सांगितली.

"थिएटर तयार ठेवतो. त्याला उबेत ठेवा."

साहेबांनी पोट मध्यभागी उघडले. काही सांगावे लागले नाही, वासानेच कळले. वीतभर आतडे काळे पडून पोटाच्या आत सुटले होते. ते कापून दोन्ही टोके जोडली, पोट धुतले, सल्फाची जंतुनाशक पूड टाकली. मग आतल्या बाजूने जांघेकडची भिंत पाहिली. त्यांनी मला वाकून पाहायला लावले.

जाळी होती तशी होती. एक दोरा तुटलेला नव्हता, एक गाठ सुटलेली नव्हती. वीण जिथे स्नायूत धरली होती, तिथे तो कोवळा स्नायूच कडेने फाटला होता.

"अशा दूषित पोटात नवा रेशमी दोरा घालता येत नाही," साहेब म्हणाले. "नुसते बंद करतो."

त्या दिवशी त्यांनी हात फार वेळ धुतले. मी पाणी घालत राहिलो.

आबा बाहेर भिंतीशी बसले होते. साहेब त्यांच्यासमोर उकिडवे बसले. मी त्यांना तसे बसलेले पूर्वी कधी पाहिले नव्हते.

"सायेब, तुमची शिवन उसवली का?"

"नाही, आबा. दोरा शाबूत आहे. कड फाटली."

आबा मान हलवत राहिले. "म्हंजे बांध नवा व्हता," ते म्हणाले. "माती अजून वली व्हती."

"होय."

गेनू त्यानंतर थोडेच दिवस राहिला. ताप उतरला नाही. ज्या औषधाने कदाचित उतरला असता ते त्या वेळी सगळे आघाडीवरच्या जखमींसाठी जात असे. साहेबांनी वरपर्यंत मागणी केली होती. आबा खाटेजवळून हलले नाहीत. वॉर्डातली माणसे हळू बोलत. ते गेनूलाच सहन होईना. "कुनी मेलंय का हितं?" असे तो एकदा म्हणाला, आणि सवयीने त्याचा हात उशीकडे गेला.

शेवटच्या सकाळी त्याने विचारले, "आबा, टेकली न्हाई ना काठी?"

"न्हाई रं. सरळ हुबी व्हती. समद्यांनी बगितली."

"मंग झालं."

मी त्याच्या कानात नाम घेतले. मोठ्याने घेतले, कारण त्याने एकदा तसे मागितले होते.

इतमामाने निरोप झाला. बिगुल वाजला. आंद्रा नदी जिथे इंद्रायणीला मिळते तिथे मी आबांच्या हातून अस्थी सोडवल्या आणि मंत्र म्हटले. मंत्र मला मुखोद्गत होते, तरी मध्ये थांबावे लागले. साहेब काठावर टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांच्या टेबलावरचे बोटभर इरले पुढे युद्ध संपून ते पुण्याला परत गेले तेव्हा त्यांच्याबरोबर गेले. सामान मी बांधले म्हणून मला ठाऊक.

पुढल्या चैत्रात मी रजा घेऊन गेनूच्या गावी गेलो. मला कोणी बोलावले नव्हते. मान आबांकडेच होता आणि त्यांनी तो सोडला नव्हता. ते त्या वर्षात फार खंगले होते. काठी उचलली, ओढा ओलांडला, त्याच चढाशी आले आणि थांबले. वारा नव्हता. चारी ताण्या ताठ होत्या. भिण्याजोगे काहीही नव्हते.

"ढिल्या करा ताण्या," आबा म्हणाले.

"आबा, काय करता?" भावकीतला एक जण ओरडला. "टेकंल काठी! भैरोबा कोपंल!"

"टेकू द्या."

"आबा!"

"माज्या पोराला विसावा पायजे व्हता," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "सायेबानं सांगितलं व्हतं. त्याला न्हाई गावला. देवाला तरी गावू द्या."

 सखूआत्या तोंडावर पदर धरून उभी होती. कोणीतरी माझ्याकडे वळले. "शास्त्रीबुवा, तुमी सांगा. चालतं का हे?"

मी खांद्यावरचे उपरणे काढले, आबांच्या पायांपुढे जमिनीवर अंथरले आणि दोन्ही हातांनी काठीचा बुंधा धरून त्यावर टेकवला. आबांनी पट्टा सैल केला आणि काठीला कपाळ लावून उभे राहिले. मग एकेक माणूस पुढे आला. मागल्या वर्षी "टेकू देऊ नका" म्हणून ओरडलेली तीच माणसे. प्रत्येकाने काठीला हात लावला, आणि प्रत्येकाने आबांच्या पाठीला.

त्या जागी पहिला चौथरा आबांनी स्वतः रचला. दर चैत्रात काठी तिथे टेकते, मानकरी पाणी पितो, वारा असेल तर तो पडेपर्यंत सगळे थांबतात, आणि एक जण मोठ्याने गेनूचे नाव घेतो. तेवढे झाल्यावाचून काठी उचलत नाहीत. यंदा ते नाव घेण्यास मला सांगितले. घेतले.

वाचकहो, आपल्या घरातले जे कोणी ओझी वाहतात त्यांची शरीरे भैरवनाथ धड राखो. जे आजारातून उठले आहेत त्यांना पुरता विसावा लाभो, आणि तो देण्याची बुद्धी त्यांच्या माणसांना होवो. आपल्या उंबऱ्याच्या आत कोणा बापावर लेकाच्या अस्थी सोडण्याची वेळ कधीही न येवो. इति शुभं भवतु.